पुरात भिजलेले फोटो: वाचवायचे कसे, ज्याचे त्याला पोचवायचे कसे

पूर ओसरला की घरातून सगळ्यात आधी रस्त्यावर येतात त्या गाद्या आणि कागद. वह्या, कॅलेंडरं, लग्नाचे अल्बम, भिंतीवरच्या तसबिरी एकाच ढिगात पडतात आणि ट्रॅक्टर आला की तो ढीग उचलला जातो. घरातली माणसं तेव्हा चिखल काढण्यात आणि पंचनाम्याच्या धावपळीत असतात. अल्बमचं पान चिखलाने माखलेलं दिसलं की 'गेलं ते' म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात त्यातले बरेच फोटो वाचण्यासारखे असतात. सांगली-साताऱ्यात पुराच्या मदतीला पहिल्यांदाच उतरणाऱ्या मंडळींसाठी, गावातल्या तरुण मंडळांसाठी आणि शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी ही माहिती आहे.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या पुराची खूण धरून ज्यांनी पेट्या माळ्यावर ठेवल्या होत्या, त्यांच्यापैकी अनेकांच्या पेट्याही भिजल्या, कारण पाणी त्या खुणेच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. नदीचा पूर आणि दरड यांत फोटोंची अवस्था वेगळी होते, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

धुण्याआधी जागा लिहा

नवे स्वयंसेवक इथेच चुकतात. फोटो दिसला की तो धुवायला धावतात. फोटो स्वच्छ होतो, पण तो कोणत्या गल्लीत, कोणत्या घरामागे, कोणत्या ढिगात सापडला हे कुणालाच आठवत नाही. मग तो परत कुणाला द्यायचा? चिखलाचा फोटो उद्याही धुता येईल, पण सापडल्याची जागा आज लिहिली नाही तर ती कायमची गेली.

म्हणून प्रत्येक जागेसाठी वेगळी प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. पिशवीत एक चिठ्ठी घाला: गाव, गल्ली, जवळची ओळखीची खूण (मारुतीचं देऊळ, दूध संकलन केंद्र, अमक्याचं दुकान), तारीख आणि उचलणाऱ्याचं नाव. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन आणि स्केचपेनची शाई ओलाव्यात फुटते, शिसपेन्सिलीचं अक्षर पाण्यातही टिकतं. पिशवीला क्रमांक द्या. सांगलीवाडीची चौदावी पिशवी असेल तर 'सांवा-१४' आणि त्यातला तिसरा फोटो 'सांवा-१४-३'. फोटोच्या मागे काहीही लिहू नका. ओल्या कागदावर दाबून लिहिलेलं पुढच्या बाजूला उमटतं.

एकाच ढिगात फोटोंबरोबर सापडलेली लग्नपत्रिका, शाळेचं प्रगतिपुस्तक, औषधाची चिठ्ठी, फ्रेमचा तुकडा हे सगळं त्याच पिशवीत राहू द्या. मालक शोधताना फोटोपेक्षा या कागदांचाच जास्त उपयोग होतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, दागिने किंवा पैसे सापडले तर मात्र ते स्वतःकडे ठेवू नका. तलाठी किंवा पोलीस पाटलाकडे जमा करा आणि तशी नोंद पिशवीच्या चिठ्ठीवर करा.

ढिगात हात घालताना रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. पुराच्या पाण्यात गटारं आणि मेलेली जनावरं मिसळलेली असतात, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लागतील ती औषधं आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

हातात वेळ किती आहे

फोटोचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. पाण्यात ते फुगतं, मऊ होतं आणि शेजारच्या फोटोला किंवा काचेला चिकटतं. घाण पाण्यातले जिवाणू हे जिलेटिन खातात. रंगीत फोटोत तीन रंगांचे थर एकावर एक असतात: सगळ्यात वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. वरचा थर आधी जातो, म्हणून भिजलेल्या फोटोची कड आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी होते. हे रंग बघून फोटोची प्रकृती कळते. कडेला लाल-पिवळी पट्टी असेल आणि चेहरे शाबूत असतील तर तो फोटो आजच हातात घ्या. सगळा पांढरा पडला असेल तर त्यात धुऊन वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी तो फेकू नका, मागच्या बाजूला नाव-गाव लिहिलेलं असू शकतं.

आपल्याकडच्या ऑगस्टच्या दमट हवेत ओल्या फोटोंवर साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. २०१९ सारखं आठवडाभर घरात पाणी उभं राहिलं असेल तर वेळ जवळजवळ संपलेलीच असते, तेव्हा निवड करावी लागते. क्रम असा ठेवा: आधी रंगीत फोटो, मग निगेटिव्ह, शेवटी जुने कृष्णधवल. जाड कागदावरचे जुने कृष्णधवल फोटो चिवट असतात, ते थोडा वेळ थांबू शकतात.

सगळे एकदम धुणं शक्य नसेल तर गोठवा. गोठवल्याने फोटो सुधारत नाही, पण सडणं थांबतं. फोटोंच्या दोन बोटं जाडीच्या गड्ड्या करा, मध्ये मध्ये बटर पेपर घाला, झिपच्या पिशवीत बंद करून ती दुसऱ्या पिशवीत घाला आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आडव्या ठेवा. आइस्क्रीमच्या दुकानातला फ्रीजर यासाठी योग्य. आपल्या भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज भरपूर आहेत, पण तिथलं तापमान शून्याच्या वर असतं. तिथे बुरशीचा वेग मंदावतो, थांबत नाही, म्हणून त्यावर महिनाभर विसंबू नका. पूरग्रस्त भागात वीज नसते, तेव्हा फ्रीजर मिरज, कुपवाड किंवा तासगावकडे पूर न आलेल्या ठिकाणी बघा. तो रिकामा करून घ्या, खाण्याच्या वस्तूंबरोबर गटाराच्या पाण्यातले फोटो ठेवू नयेत. काचेच्या जुन्या निगेटिव्ह प्लेटा मात्र कधीच गोठवू नका.

धुणं

सामान साधं आहे. तीन पसरट टब किंवा मोठ्या पराती, मऊ केसांचे रंगकामाचे ब्रश, बटर पेपर, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकचे चिमटे, एक थर्मामीटर आणि मच्छरदाणीची जाळी.

खरी अडचण पाण्याची असते. पुरानंतर नळाला पाणी नसतं, टँकरचं पाणी गढूळ असतं किंवा त्यात ब्लीचिंग पावडरचा मारा असतो. ब्लीचिंगच्या उग्र वासाचं पाणी फोटोला चालत नाही, क्लोरीन चित्राचे रंग उडवतं. असं पाणी रात्रभर उघड्या टबात ठेवा आणि फक्त पहिल्या टबासाठी वापरा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसू दिला तर वरचं पाणीही पहिल्या टबाला चालतं. शेवटच्या टबात मात्र २० लिटरच्या जारचं स्वच्छ पाणीच हवं.

पाणी गार असावं, १८ ते २१ अंशांच्या दरम्यान. कोमट पाण्यात जिलेटिन विरघळायला लागतं आणि ब्रश लावला की चेहरा ब्रशबरोबर निघून येतो. २६ अंशांच्या १० लिटर पाण्यात साधारण पाऊण किलो बर्फ सोडला की ते १९-२० अंशांवर येतं. बर्फ पिशवीत बांधून सोडा, बाजारच्या बर्फात कचरा असतो.

धुण्याआधी प्रत्येक फोटोचा पुढून आणि मागून मोबाइलवर फोटो काढा. हे कंटाळवाणं आहे आणि तरी करायचंच, कारण काही फोटो धुताना जाणार हे धरून चालावं लागतं. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने, मोबाइल फोटोला समांतर. मागचा 'चि. सौ. कां.'चा मजकूर, स्टुडिओचा शिक्का, तारीख ही शाई पाण्यात पुसली जाऊ शकते, ती आधी टिपून घ्या.

मग पहिल्या टबात फोटो आडवा सोडा, कडांना धरून हळू हलवा. आपल्या काळ्या मातीचा गाळ अगदी बारीक असतो, तो पाण्यातच सुटू द्या. बोटाने चोळू नका, गाळाचे कण वाळूच्या कागदासारखे ओरखडे काढतात. सुटत नसेल तिथे पाण्याखालीच ब्रश हलका फिरवा, मधून कडेकडे. आधी मागची बाजू, मग पुढची. चेहऱ्यांवर ब्रश शेवटी, आणि तो भाग मऊ लागत असेल तर अजिबात नको. कडेचा रंग वितळून चिकट झाला असेल तर तेवढा भाग धुऊन जाऊ द्या. तो तसाच राहिला तर त्यातली घाण वाळल्यावर शेजारच्या चांगल्या भागात पसरते.

दुसऱ्या टबात उरलेली घाण, तिसऱ्यात शेवटची खळबळ. तिन्ही मिळून १०-१५ मिनिटांच्या वर फोटो पाण्यात राहू नये. आठ-दहा फोटोंनंतर पहिला टब बदला, दुसरा पहिल्याच्या जागी सरकवा. साबण, धुण्याची पावडर, डेटॉल, फिनाईल काही नको. एका माणसाने तासाला वीस-पंचवीस फोटो धरावेत. घाई करणाऱ्याला धुण्यावर बसवू नका, त्याला पाणी आणायला पाठवा.

क्रमांकाची चिठ्ठी फोटोबरोबर टबा-टबाने पुढे सरकली पाहिजे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, चिठ्ठी पहिल्या टबाशेजारी राहते आणि फोटो तिसऱ्यात जातो. टबांजवळ एक माणूस फक्त चिठ्ठ्या सांभाळायला ठेवा.

प्रकार बघून हात लावा

घरच्या प्रिंटरवर काढलेले इंकजेट फोटो पाण्यात बुडवू नका, त्यांची शाई वाहून जाते. ते नुसते उताणे वाळवा. जुन्या मोठ्या फोटोंवर हाताने रंग भरलेले असतात: गालावर लाली, साडीला हिरवा काठ, शेल्याला जर. तो रंग पाण्याचा असू शकतो. ओला कापूस एका कोपऱ्याला टेकवून बघा, रंग आला तर धुणं थांबवा.

तसबिरीतला फोटो काचेला चिकटला असेल तर अजून ओला आहे का ते बघा. ओला असेल तर फ्रेम आणि मागचा पुठ्ठा काढून काच आणि फोटो एकत्र गार पाण्यात ठेवा आणि आपोआप सुटायची वाट बघा. वाळून चिकटला असेल तर ओढू नका. काचेवरचं गंध-कुंकू बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, काचेतूनच स्कॅन करा आणि काचेसकट जपून ठेवा. वाडवडिलांची एवढी एकच तसबीर घरात असते, ती जोर लावून गमावू नका.

चिकट पानांच्या अल्बममध्ये वरचं पारदर्शक प्लॅस्टिक चित्राला धरतं. पान कापून वेगळं करा, पाण्यात बुडवा आणि प्लॅस्टिक पाण्याखालीच सावकाश सोलून काढा. एकमेकांना चिकटलेल्या फोटोंनाही हाच उपाय: पाण्यात ठेवा, दर पाच मिनिटांनी बघा, अर्ध्या तासात सुटले नाहीत तर गोठवा. चित्राची बाजू उचलली जाताना दिसली की थांबा. फार महत्त्वाचा एखादा जुना फोटो असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू जतनाचं केंद्र आहे, तिथे आधी विचारून घ्या.

लग्नाच्या कारिझ्मा अल्बमची जाड पानं आतून पाणी पितात आणि फुगतात. बांधणी कटरने कापून पानं सुटी करा, पुसा, उभी करून वाळवा. त्याआधी स्टुडिओला फोन करा. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या लग्नाच्या फाइली स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर असण्याची शक्यता असते, मग एवढी खटपट कशाला?

निगेटिव्ह फेकू नका, त्यातून पुन्हा फोटो काढता येतो. कडेला धरा, मंद दिसणाऱ्या बाजूला बोट लावू नका, गार पाण्यात हलवून घ्या आणि पट्टी उभी टांगा. शेवटच्या पाण्यात बिनवासाच्या भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकला तर निगेटिव्हवर पाण्याचे डाग पडत नाहीत. हे फक्त निगेटिव्हसाठी. मेमरी कार्ड स्वच्छ पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. भिजलेली हार्ड डिस्क चालू करून बघू नका, डेटा काढणाऱ्याकडे तशीच द्या.

वाळवणं

उन्हात नको, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. सावलीत, हवा खेळत्या खोलीत, पंखा मंद. कोपऱ्याच्या पांढऱ्या कडेला चिमटा लावून दोरीवर टांगा आणि त्याच चिमट्यात चिठ्ठी. कडा सडलेले फोटो टांगू नका, ते खाटेवर ताणलेल्या मच्छरदाणीच्या जाळीवर उताणे ठेवा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई उमटते. पावसाची झड असेल तर खोलीत गर्दी कमी करा, श्वासांनीही हवा दमट होते. फोटो वळले तर घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर बटर पेपरमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, चार-पाच दिवसांत सरळ होतात. बुरशी आलेला फोटो बाहेर नेऊन, मास्क लावून, कोरड्या ब्रशने झाडा.

वाळल्यावर ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि फाइलला तोच क्रमांक द्या. मोबाइलमधल्या अॅपने चेहरा 'सुधारून' देण्याचा मोह टाळा. ते अॅप गेलेल्या भागात दुसऱ्याच कुणाचं तरी नाक-डोळे भरतं. घरच्यांना अर्धा का होईना, आपल्याच माणसाचा चेहरा हवा असतो.

दरडीच्या जागी

इथे फोटो भिजलेले कमी आणि फाटलेले, मातीत विखुरलेले जास्त. ढिगारा उपसणाऱ्या जेसीबीच्या चालकाशी आधी बोला: कपाट, पेटी, ट्रंक दिसली की बादली थांबवून बाजूला ठेवा. माणसांचा शोध संपेपर्यंत यासाठी कुणाला अडवू नका. फाटलेले तुकडे एकाच पाकिटात ठेवा, चिकटपट्टी लावू नका, तुकडे जुळवून नुसतं स्कॅन करा. अशा गावांत कधी घरातलं कुणीच मागे उरलेलं नसतं. फोटो मग मुंबई-नवी मुंबईत कामाला असलेल्या भावाकडे किंवा सासरी असलेल्या लेकीकडे जातो, आणि तो पोस्टाने न पाठवता कुणीतरी हातात नेऊन द्यावा.

मालक शोधणं

आधी फोटो वाचा. मागचा स्टुडिओचा शिक्का गाव सांगतो. गाडीची पाटी भाग सांगते: एमएच १० सांगली, एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड. शाळेच्या वर्गाच्या फोटोत पुढे ठेवलेल्या पाटीवर शाळा, इयत्ता आणि साल असतं. तेवढ्यावर शाळेच्या जनरल रजिस्टरमधून सगळा वर्ग सापडतो. लग्नाच्या फोटोत मागच्या कापडावर दोन आडनावं असतात. रेशन दुकानदार, पोस्टमन, आशाताई, अंगणवाडी सेविका, कोतवाल यांना सगळ्या गल्ल्या पाठ असतात. त्यांना एक संध्याकाळ बोलावून चहा द्या आणि फोटो दाखवा. मोठ्या शहरातल्या कुठल्याही यंत्रणेपेक्षा ही पद्धत जलद चालते.

सगळे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकू नका. त्यात बाळंतपणातल्या बायका असतात, आजारी माणसं, अंत्ययात्रेचे फोटो, मोडलेल्या लग्नांचे फोटो असतात. गटावर फक्त वर्णन द्या: 'शामरावनगरात लग्नाचा रंगीत फोटो सापडला आहे, मागे विट्याच्या स्टुडिओचा शिक्का, बघायला शाळेत या.' २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी लाखो फोटो धुतले आणि गावोगावच्या सभागृहांत मांडले, लोक येऊन आपले शोधून घेऊन गेले. आपल्याकडे त्यासाठी मराठी शाळेची खोली किंवा समाजमंदिर उत्तम. मांडणी गल्लीवार करा, विषयवार नको. माणूस आपल्या गल्लीच्या टेबलापाशी आधी जातो. फोटो बसून बघता येतील अशा उंचीवर ठेवा, म्हाताऱ्या माणसांसाठी भिंग ठेवा, आणि आठवडी बाजाराचा दिवस व रविवार संध्याकाळ निवडा.

फोटो देताना ओळखपत्राचा आग्रह धरू नका, ज्याचं सगळं वाहून गेलं त्याच्याकडे ते नसणार. फोटोतल्या दोन-तीन माणसांची नावं आणि त्याच पिशवीतला दुसरा एखादा फोटो कोणता असेल हे विचारा. रजिस्टरमध्ये क्रमांक, घेणाऱ्याचं नाव, नातं, सही किंवा अंगठा. वाटण्या झालेल्या दोन भावांनी आजोबांच्या एकाच तसबिरीवर हक्क सांगितला तर तुम्ही निवाडा करू नका. दोघांनाही स्कॅनची चांगली प्रत काढून द्या, मूळ तसबीर कुणाकडे राहायची ते घरातल्या वडीलधाऱ्यांना ठरवू द्या. कुणाकडूनही पैसे घेऊ नका, चहासाठीसुद्धा नाही.

ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांना हात हलवत पाठवू नका. लग्नाचे फोटो दोन घरी असतात, नवऱ्याकडचे गेले असतील तर बायकोच्या माहेरी विचारायला सांगा. मामाचं घर, मुंबईचे नातेवाईक, शेजारच्या गावात दिलेली बहीण, जुन्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह, पेन्शनच्या कागदावरचा जोडफोटो, एवढ्या जागा त्यांच्याबरोबर बसून लिहून काढा आणि आलेले फोटो स्कॅन करून द्या.

तरीही काही फोटो उरतातच. ते क्रमांकासह बटर पेपरमध्ये, झाकणाच्या डब्यात, पूररेषेच्या वरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्यानंतर बदला. डबा कुणाकडे आहे ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. गावच्या यात्रेला मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, तेव्हा तो डबा देवळाच्या सभामंडपात उघडा. पहिल्या वर्षी कुणी ओळखलं नाही म्हणून बंद करू नका, पुढच्या यात्रेलाही उघडा.